रुसलेलं आतडं

माझे सासरे मार्केट यार्डात भाजीपाल्याचे आडते होते. शेतकऱ्याचा माल आपल्या गाळ्यावर उतरवून घ्यायचा आणि लिलाव पुकारून विकून द्यायचा, हा त्यांचा धंदा. मेथीची जुडी नुसती हातात घेऊन ती काल दुपारच्या उन्हात उपटली की संध्याकाळी, हे ते सांगत आणि शेतकरी मान डोलावत. पण मेथीची भाजी त्यांनी स्वतः कधी खाल्ली नव्हती. मेथी नाही, शेपू नाही, चाकवत नाही, अंबाडीचं तर नावही नको. पालेभाजी ही देवानं शेळ्यांसाठी केलेली सोय आहे, असं त्यांचं मत होतं. दिव्याखाली अंधार असतो हे मला माहीत होतं, पण एवढा मोठा दिवा आणि एवढा मोठा अंधार मी लग्न होऊन त्या घरात आल्यावरच पाहिला.

मी कसबा पेठेतली. सासर शहराच्या कडेचं, म्हणजे पूर्वीचं गाव. महापालिकेनं त्याला पोटात घेतलं तेव्हा शेतांचे प्लॉट झाले आणि माणसं होती तशीच राहिली. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची, सासूबाईंना आत्याबाई. मामंजींचा आवाज लिलावात कमावलेला होता. जेवताना मीठ मागितलं तरी बोली पुकारल्यासारखं वाटे. त्यांच्यासमोर सुनेनं खुर्चीवर बसायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि गरजेपेक्षा जास्त बोलायचं नाही. पहिले दोन नियम मी सहज पाळले. तिसरा मला फार जड गेला.

मामंजी पहाटे उठत आणि चूळ भरून, एक कप चहा पिऊन थेट यार्डात जात. परसाकडे जायला त्यांना वेळ नसे. लिलावाच्या वेळी आडत्यानं जागा सोडली की गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यावर जातं, म्हणून पोटातून कितीही हाक आली तरी ते जागचे हलत नसत. याचा त्यांना अभिमान होता. बाकीचे आडते मधेच उठून जातात, आपण नाही, असं ते पाहुण्यांना सांगत, आणि पाहुणेही कौतुकानं ऐकत. लिलाव संपेपर्यंत चहावर चहा होई आणि त्याबरोबर क्रीमरोल. मग पावाबरोबर तिखट मिसळ, उभ्याउभ्या. दुपारचं जेवण गाळ्यावर, तेही ऊन कलल्यावर, एका हातात पाव आणि दुसऱ्या हातानं हमालांना खुणा. रात्री घरी आले की मात्र साग्रसंगीत ताट: मटणाचा लालभडक रस्सा, भात, तळलेलं काहीतरी, आणि पोळ्या. भाकरी त्यांनी सोडली होती. आता आपण शहरात आलो, भाकरी काय खायची, असं त्यांचं म्हणणं. झोपताना मूठभर चूर्ण तोंडात टाकलं की दिवसभराचा हिशेब मिटला, अशी त्यांची समजूत होती. पी हळद अन् हो गोरी, असं मी मनात म्हणायची. मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती.

त्यांचा संताप तर सगळ्या आळीला ठाऊक होता. सकाळी कपाळाला आठी घेऊन जायचे आणि संध्याकाळी तीच आठी घेऊन परत यायचे. पोट फुगलेलं, तोंड कडू, झोप अर्धी. पण पोटाविषयी घरात कुणी बोलत नसे. ती बोलायची गोष्टच नव्हती.

एका लग्नसराईत त्यांचं पोट फुगलं ते उतरेना. गॅस झालाय म्हणून त्यांनी सोडा प्याला, ओवा चावला, चूर्ण दुप्पट घेतलं आणि यार्डातही जाऊन आले. मग उलट्या सुरू झाल्या. आमच्या ह्यांनी आणि दिरांनी त्यांना उचलून रिक्षात घातलं आणि शहरातल्या एका छोट्या इस्पितळात नेलं. तिथल्या सर्जन एक बाई होत्या, पेठेतल्याच, पांढऱ्या केसांच्या आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी पोटाचा फोटो काढून घेतला आणि सांगितलं की मोठ्या आतड्याला पीळ बसलाय, दोरीला बसतो तसा. वर्षानुवर्षं कोठा साफ झाला नाही की आतडं ताणून लांब होतं आणि स्वतःभोवती फिरू शकतं. एकाच कारणानं हे होतं असं नाही, असंही त्या म्हणाल्या, पण मामंजींच्या बाबतीत कारणं शोधायला लांब जावं लागणार नाही.

ऑपरेशन झालं. काळा पडलेला तुकडा काढून टोकं जोडली. बाहेर आल्यावर बाईंनी आम्हाला कोपऱ्यात घेतलं आणि समजावलं की माझं काम झालं, आता आतड्याचं काम सुरू व्हायला हवं. हात लावला की आतडं चालायचं थांबतं. किती वेळ थांबेल ते त्याचं तेच ठरवतं. ते परत चालू झालं तर मामंजी घरी येतील, नाही झालं तर पुन्हा पोट उघडून बघावं लागेल, आणि दुसऱ्यांदा ते शरीर कितपत सोसेल याची खात्री त्यांना देता येणार नव्हती.

"रुसलंय ते," बाई म्हणाल्या. "जावई रुसतो तसं. समजूत घालायला जाऊ नका. वाट बघा."

मग आमची वाट बघणं सुरू झालं. सकाळी आमचे हे आणि दीर गाळ्यावर असत म्हणून खोलीत मी बसे. आत्याबाई बाहेरच्या बाकावर बसून असत. घरी जा म्हटलं की त्या नुसती मान हलवत. मामंजींच्या नाकात नळी, हातात सलाइन, तोंडाला पाण्याचा थेंब नाही. एवढा मोठा आवाज असलेला माणूस, आणि तो छताकडे बघत गप्प पडलेला. मला त्यांची भीती वाटायची सवय होती. त्यांच्यासाठी भीती वाटणं नवीन होतं.

रोज दोन वेळा एक तरुण डॉक्टर येऊन एकच प्रश्न विचारत असे. गॅस पास झाला का? मामंजी मान हलवून नाही म्हणत. मग एके सकाळी मी ओठ ओले करायचा कापूस भिजवायला बाहेर गेले होते. परत आले तर डॉक्टर हसत बाहेर पडत होता. झालं, म्हणाला, आता थोडं थोडं पातळ द्यायला हरकत नाही. नळी काढली. मी आत्याबाईंना सांगितलं, त्यांनी भिंतीला टेकून डोळे मिटले. मामंजींना नारळाचं पाणी दिलं, मग डाळीचं पाणी. संध्याकाळपर्यंत त्यांचं पोट मडक्यासारखं टम्म झालं आणि त्यांनी सगळं उलटून टाकलं.

सर्जनबाई धावत आल्या. नळी परत घातली. मग त्यांनी मामंजींना विचारलं की गॅस पास झाला असं तुम्ही सकाळी सांगितलंत ना?

"व्हय," मामंजी खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. "झालाय की. नंबर बी लागला. सिलिंडर तेवढं यायचं ऱ्हायलंय."

त्या वर्षांत गॅसच्या जोडणीसाठी अर्ज करून लोक वर्षानुवर्षं थांबत. शहरात आलो आणि घरात अजून चूल, याची मामंजींना लाज वाटे, म्हणून त्यांनीच अर्ज केला होता आणि एजन्सीत खेटे घातले होते. जो भेटेल तो त्यांना विचारायचा, गॅस पास झाला का? नकाशा पास होतो, बिल पास होतं, तसा गॅसही पास होतो. आदल्या संध्याकाळी ह्यांनीच त्यांना बरं वाटावं म्हणून ती बातमी सांगितली होती. इतके दिवस हा डॉक्टर सकाळ-संध्याकाळ आपल्या घरच्या गॅसची चौकशी करतो, याचं मामंजींना मनापासून कौतुक वाटत होतं.

मला हसू आलं नाही. आज आठवलं की येतं. बाई स्टूल ओढून खाली बसल्या, मामंजींच्या तोंडाजवळ वाकल्या आणि पेठेतल्या स्वच्छ उच्चारात म्हणाल्या, "आजोबा, पादलात का?"

मामंजींनी डोळे घट्ट मिटले. "सून हाय हितं."

"असू दे. पादलात का?"

"न्हाई."

बाईंनी त्यांच्या पोटावर स्टेथोस्कोपच्या नळीचं तोंड ठेवलं आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. कपाळावर आठी नाही, घाई नाही. देवळात कीर्तनाला बसलेली बाई ऐकते तशा त्या ऐकत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कशी दिसत होते कोण जाणे, पण त्यांनी ती नळी माझ्या कानात घातली आणि दुसरं टोक माझ्याच पोटावर, साडीच्या निऱ्यांच्या वर ठेवलं.

मी आयुष्यात असं काही ऐकलं नव्हतं. सकाळी खाल्लेल्या दोन बिस्किटांवर माझ्या आत केवढी लगबग चालली होती. गुडगुड, मग खळखळ, मग लांबवर काहीतरी सरकल्याचा आवाज, मग जवळ येऊन पुन्हा गुडगुड. मी घाबरलेली, रडवेली, तीन रात्री धड न झोपलेली, आणि हे माझं पोट माझ्याकडे लक्ष न देता आपलं काम करत होतं. मी त्याला कधी काही सांगितलं नव्हतं. जन्मापासून ते असंच चाललं असणार, झोपेत, भांडणात, परीक्षेत, लग्नाच्या मांडवातसुद्धा. बाईंनी मग तेच टोक मामंजींच्या पोटावर ठेवलं. तिथे काहीच नव्हतं. घरातली माणसं गावाला गेल्यावर कुलूप लावलेल्या दाराला कान लावावा, तशी शांतता होती. मी नळी काढून दिली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मामंजींसमोर रडायचं नाही असा नियम नव्हता, म्हणून रडले.

बाहेर आल्यावर बाईंनी सांगितलं की उद्या दुपारपर्यंत थांबते, नाहीतर पुन्हा उघडावं लागेल. आत्याबाई ते ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं, मी काय करू? काही नाही, बाई म्हणाल्या, कुणीच काही करू शकत नाही. माझ्या सासूला आयुष्यात असं उत्तर पहिल्यांदाच मिळालं असेल. त्यांच्यासाठी प्रत्येक दुखण्याला काहीतरी करायचं असे, लेप, काढा, नवस, दृष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामंजींच्या ओठांवरून ओला कापूस फिरवत होते. खिडकीतून ऊन आत आलं होतं, बाहेर भाजीवाला कोथिंबिरीची जुडी ओरडून विकत होता. मामंजींची भुवई हलली. इतक्या दुखण्यातही त्यांना तो भाव पटला नव्हता. मी तिकडे बघत असतानाच आवाज झाला. लहानसा नाही. पांघरुणाखालून आलेला, लांब, ठसठशीत, मध्ये थांबून पुन्हा सुरू झालेला. मी हातातला कापूस तसाच धरून उभी राहिले. एरवी मी पदर तोंडाला लावून खोलीबाहेर पळाले असते. मामंजींनी हळूहळू मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "सांग त्यास्नी."

मी धावत बाहेर गेले. बाकावर आत्याबाई होत्या, शेजारी दुसऱ्या पेशंटची माणसं होती, एक नर्स होती, एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. त्या सगळ्यांसमोर, कसबा पेठेत शिकलेले सगळे संस्कार बाजूला ठेवून मी म्हणाले, "आत्याबाई, मामंजी पादले." आत्याबाईंनी पायातल्या चपला काढल्या आणि खोलीच्या दाराकडे हात जोडले. म्हाताऱ्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली घेतलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "अभिनंदन."

सर्जनबाईंनी येऊन ऐकलं आणि न मागता नळी माझ्या कानात दिली. सुरुवातीला काही कळलं नाही. मग खूप आतून एक थेंब पडल्यासारखा आवाज आला. मग थांबलं. मग दोन. मग अगदी बारीक खळखळ, खडकवासल्याचं पाणी सुटल्यावर कोरड्या नळाला आधी हवा येते आणि मग धार, तशी. ज्या आतड्याला या माणसानं हाका मारू दिल्या आणि कधी ओ दिली नाही, ज्याला चहा, मैदा आणि तिखट याशिवाय दिवसभर काही दिलं नाही, ज्याला कापलं, शिवलं, त्यानं सगळं पोटात घालून पुन्हा काम सुरू केलं होतं. मी देवळात जाते, पण हात जोडावेत असं मला इतक्या आतून कधी वाटलेलं नाही.

घरी सोडताना बाईंनी पथ्य सांगितलं, आणि तेही मला वाटलं होतं तेवढं कठीण नव्हतं. सकाळी उठल्यावर कोमट पाणी. पोटानं हाक मारली की जायचं, मग लिलाव असो की लग्न. बसून जेवायचं, चावून खायचं, रात्रीचं जेवण लवकर. हळूहळू भाकरी, पालेभाज्या, कडधान्यं, ताक. मग त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. माझ्या सासूबाई साठीच्या पुढच्या, पण पाठ ताठ, दात शाबूत, आजारपण माहीत नाही. बाईंनी विचारलं की तुम्ही काय खाता? आत्याबाई ओशाळल्या. आमचं काय, त्या म्हणाल्या, उरलंसुरलं. बाई आत्याबाईंकडे जरा वेळ बघत राहिल्या.

मामंजी घरी आले आणि आधी मऊ भातावर, मग मुगाच्या खिचडीवर राहिले. गाळा मुलांकडे होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या सकाळी रिकाम्या होत्या. ते परसात जाऊन निवांत बसत आणि परत येताना त्यांचा चेहरा मला ओळखू येत नसे, इतका मोकळा. महिन्याभरात त्यांचा आवाज खाली आला. झोप लागायला लागली. एकदा माझ्या हातून दुधाचं पातेलं उतू गेलं, तर ते म्हणाले, जाऊ दे, दूधच हाय. मी आणि आत्याबाईंनी एकमेकींकडे पाहिलं. आम्ही सगळे ज्याला त्यांचा स्वभाव म्हणत होतो, त्यातला निम्मा कोठा होता. मला याचं तेव्हा जे नवल वाटलं ते अजून संपलेलं नाही. कुणी माझ्यावर उगाच वसकन ओरडलं की मी आधी मनात विचारते, ह्यांचं सकाळी झालं असेल का?

पुढे बाईंनी भाकरी-भाजी खायची परवानगी दिली. त्या दुपारी मी त्यांना पोळीचा कुस्करा वाढला होता, भाजीला नेहमीप्रमाणे तोंड वाकडं करतील म्हणून दुधीचं मिळमिळीत सार. त्यांचं जेवण झालं. मग मी आणि आत्याबाई नेहमीसारख्या मागच्या पडवीत चुलीजवळ बसलो. बायकांचं जेवण पुरुषांनंतर, आणि आजारपणाआधी मामंजी दुपारी कधी घरी नसतच, त्यामुळे आम्ही काय जेवतो हे त्यांनी लग्न झाल्यापासून पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी ते भिंतीला धरून पडवीत आले आणि उंबऱ्यावर बसले. आत्याबाईंच्या ताटात ज्वारीची भाकरी, ताकात शिजवलेला चाकवत, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी होती. तो चाकवत आदल्या दिवशी गाळ्यावर न खपलेला, कोमेजून घरी आलेला. अर्धी भाकरी त्यांनी खाल्ली होती.

मामंजींनी खाली वाकून ते ताट स्वतःकडे ओढलं.

आत्याबाई दचकल्या. आमच्याकडे नवऱ्याच्या उष्ट्या ताटात बायको जेवते. बायकोच्या उष्ट्याला नवऱ्यानं हात लावलेला मी कसब्यातही पाहिला नव्हता. नगं, त्या म्हणाल्या, मला पाप लागंल, मी दुसरं वाढते. मामंजींनी ऐकलं नाही. भाकरीचा तुकडा मोडला, चाकवतात बुडवला आणि खाल्ला. बाईंनी शिकवल्यासारखा चावून चावून, सावकाश.

"हे रोज खातीस?" त्यांनी विचारलं.

"मंग. आसंच कायतरी."

"मला कदी वाढलं न्हाई."

आत्याबाई गोंधळून गेल्या. प्रश्नच त्यांना कळेना. "तुमाला कसं वाढू?" त्या म्हणाल्या. "तुमी घरचं मालक. चांगलं ते तुमाला, उरलं ते आमाला."

मामंजी चावायचे थांबले. पोटावरच्या टाक्यांवर त्यांचा हात गेला आणि तिथेच राहिला. आत्याबाईंनी इतकी वर्षं रोज रात्री त्यांच्या पानात काय काय वाढलं होतं, ते त्या क्षणी आम्हा तिघांच्याही डोळ्यांपुढे आलं असावं. त्यांनी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला, त्याला भाजी लावली आणि तो आत्याबाईंच्या हातावर ठेवला.

"हितनं फुडं चांगलं ते तू खा," ते म्हणाले. "उरलं ते मला वाढ."